के टू के राईडचे शेवटचे चार दिवस कसे काढायचे

के टू के म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी, सायकलने. श्रीनगरहून निघून एनएच 44 धरला की साधारण 3,600-3,700 किमी होतात. सुरुवातीच्या तयारीवर सगळे भरभरून बोलतात, कुठली सायकल, कुठली शॉर्ट्स, जानेवारीत बनिहालला किती थंडी असते वगैरे. पण शेवट कसा करायचा हे कोणी सांगत नाही आणि ग्रुप फुटतात ते नेमके तिथेच. जम्मूच्या घाटात एकमेकांना हातमोजे देणारी माणसं सेलमच्या पुढे एकमेकांशी बोलत नव्हती हे मी बघितलंय, त्यातला एक मीच होतो.

मुख्य भांडण होतं ते मदुराईला. तिथून कन्याकुमारी 245 किमीच्या आसपास, रस्ता चौपदरी आणि बराचसा सपाट, महिनाभर चालवून पाय तयार झालेले, मग ग्रुपमधले दोन-तीन दमदार गडी म्हणतात एका दिवसात मारून टाकू ना, कशाला उगाच मुक्काम. अजिबात ऐकू नका. हिशोब करा, 28 च्या स्पीडने जाणारा पावणेनऊ तासात पोचेल आणि 18 ने जाणाऱ्याला साडेतेरा तास लागतील, तेही चहा-पाणी-पंक्चर न धरता. म्हणजे एकजण दुपारी समुद्रावर फोटो काढतोय आणि आमचे 61 वर्षांचे काका रात्री आठ वाजता ट्रकच्या लाईटमध्ये एकटे पेडल मारतायत. महिनाभर सोबत चालवून शेवटी असं पोचायचं असेल तर ग्रुपने निघालात कशाला?

त्यापेक्षा तीन तुकडे करा. मदुराई ते कोविलपट्टी साधारण 100, कोविलपट्टी ते तिरुनेलवेली 55-60 आणि शेवटचा दिवस फक्त 85. पंच्याऐंशी किमीला फास्ट आणि स्लो माणसात जेमतेम पावणेदोन तासांचा फरक पडतो, तोही एकत्र चालवलं तर गायब. कोविलपट्टीला कडलै मिठाई घ्या, आपली शेंगदाण्याची चिक्कीच ती, पण त्यांना तिचं जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आणि खिशातल्या एनर्जी बारपेक्षा शंभर पटीने बरी लागते. तिरुनेलवेलीचा हलवा मात्र राईडच्या मध्ये खाऊ नका, तुपाने नुसता थबथबलेला असतो, मी खाल्ला आणि पुढचे 20 किमी पश्चात्ताप केला.

तिरुनेलवेलीचा अर्धा दिवस मोकळा मिळतो तो झोपण्यात घालवू नका (म्हणजे दोन तास झोपा, मग उठा). दोन कामं आहेत. एक म्हणजे सायकल. 3,500 किमीनंतर मागचा टायर मध्ये सपाट झालेला असतो, हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात त्या अशा टायरमध्ये लगेच घुसतात. बोट फिरवून, नाहीतर कापसाचा बोळा फिरवून तारा शोधून काढा, नुसती ट्यूब बदलली तर पाच किमीवर परत पंक्चर. मागच्या चाकाचे स्पोक एकेक दाबून बघा, ब्रेक पॅड बघा. चेन वाढलेली असेल तरी आता बदलू नका, जुन्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) नवी चेन उड्या मारते, 85 किमी निघतील तिच्यावर.

दुसरं काम पैशाचं. सगळ्यांचा हिशोब इथेच मिटवा. कन्याकुमारीला पोचल्यावर कोणाला हिशोब नको असतो आणि घरी गेल्यावर तर फोनच उचलत नाहीत लोक.

शेवटच्या दिवशी पहाटे पाचला निघा, ऊन चढायच्या आत बरंच अंतर कापलं जातं. वळ्ळियूरच्या पुढे पवनचक्क्या दिसायला लागल्या की समजा वारा येणार. आरळवायमोळीच्या खिंडीतून मे ते सप्टेंबर जबरदस्त पश्चिमेचा वारा असतो म्हणून तर तिथे एवढ्या पवनचक्क्या आहेत, हिवाळ्यात तेवढा त्रास नाही पण आडवा झोत आला की हँडल हलतं, ट्रक ओव्हरटेक करताना तर जास्तच. तेव्हा एकमेकांच्या चाकाला चिकटून ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवणं) करायचं असेल तर थोडं अंतर ठेवा. आणि एक नियम कडक पाळा, सगळ्यात स्लो माणूस पुढे आणि सगळ्यात दमदार माणूस सगळ्यात मागे स्वीप म्हणून, म्हणजे मागे कोणी सुटत नाही ना हे बघायला. आमच्याकडे काका पुढे होते, शेवटचे 10 किमी त्यांचा स्पीड 15 वरून 22 झाला, आम्हाला मागे राहायला जड गेलं!

पोचल्यावर सगळ्यांना चाक समुद्रात बुडवायचं असतं. बुडवा, हौस आहे. पण क्लीटवाले (पेडलला अडकणारे) शूज वाळूत नेऊ नका आणि लॉजवर आल्या आल्या गोड्या पाण्याने चाकं, चेन धुवा, पुसा, तेल घाला, नाहीतर खारं पाणी घेऊन सायकल दोन दिवस ट्रेनमध्ये पडून राहते आणि घरी चेन लालभडक होऊन उतरते. विवेकानंद शिला आणि तिरुवळ्ळुवरच्या 133 फुटी पुतळ्याची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी करा, रांग मोठी असते आणि पोचल्या दिवशी तुम्हाला उभंही राहवत नाही.

परतीसाठी कन्याकुमारी-पुणे थेट गाडी आहे, पण सायकली पार्सलमध्ये टाकायच्या तर एक दिवस आधीच स्टेशनवर जाऊन विचारा, सायकली तुमच्याच गाडीने येतील असं धरून चालू नका. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, तीनजण लटकून जोर लावतात आणि ते अजून घट्ट होतं. हँडल वळवून बांधा, टायरमधली हवा कमी करा, पुढचं चाक काढलं तर फोर्कच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून आतल्या बाजूला बांधा, मी कंटाळा केला आणि तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला. नाव आणि फोन नंबर पुठ्ठ्यावर नाही तर सायकलच्या फ्रेमवर टेप लावून लिहा, पुठ्ठा फाटतो.

घरी आल्यावर सायकल एकदम बंद करू नका, रोज अर्धा-पाऊण तास हळू फिरवा. भूक पुढचे दोन आठवडे राईडवरचीच राहते. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर ते महिनाभर हँडलवर तळहात दाबून झालेलं असतं, बहुतेकांचं काही आठवड्यात जातं, पण शर्टाचं बटण लावता येत नसेल किंवा पकड गेली असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.