शिडाच्या बोटीतून एकट्यानं जग फिरायचंय? आधी खाडीत या

एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायचं मनात घेतलेली मुलं मला भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विक्रम किती दिवसांचा आहे? फ्रान्सच्या फ्रान्स्वा गाबारनं २०१७ साली ४२ दिवस १६ तासांत ती पूर्ण केली. पण तुम्ही नवे असाल तर आधी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनबद्दल वाचा. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्यानं जग फिरून येणारा तो पहिला माणूस. त्याला ३१२ दिवस लागले. त्याची ३२ फुटी 'सुहैली' सागवानाची होती आणि ती आपल्या मुंबईत बांधलेली होती! एवढे दिवस एकटं राहायचं म्हणजे बोटीवरचा सुतार, शिंपी, स्वयंपाकी, डॉक्टर सगळं आपणच.

मी नेरुळची. रविवारी पहाटेची हार्बर लोकल पकडायची आणि कुलाब्याला एका क्लबात लहान बोट शिकायची, असं दोन हंगाम चाललं. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी वर काढतात. त्या चार महिन्यांत मी खाडीकाठच्या दिवाळे कोळीवाड्यात जाऊन बसायचे. तिथल्या एका नाखवांनी मला धक्क्यावर उभं करून सांगितलं, "पोरी, पानी बघ. वारा आधी पान्यावर दिसतो." खरंच, झुळूक पोचायच्या आधी पाण्याचा एक पट्टा काळपट होतो, त्यावर बारीक सुरकुत्या धावतात. हे कुठल्याच वर्गात मला इतकं नीट कळलं नव्हतं. भरती-ओहोटीही तिथेच शिका. उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. वेळ चुकली तर पुढची भरती येईपर्यंत बोट चिखलात.

हातांचं काम मात्र मी उशिरा मनावर घेतलं. एकदा भर वाऱ्यात शिडाच्या शॅकलची, म्हणजे शीड अडकवायच्या धातूच्या कडीची, पिन बोटांतून निसटली आणि पाण्यात गेली. एवढीशी पिन, पण शीड फडफडत राहिलं आणि बोट हातात राहिना. सोबत दोघं होते म्हणून निभावलं. तेव्हापासून सुटी वस्तू दोरीला बांधल्याशिवाय मी हातात घेत नाही.

दुसरी गोष्ट झोप. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या एका बोटीवर रात्रीचा पहारा केला, तेव्हा हे अंगानं कळलं. क्षितिजावर दिवा दिसलेलं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं. म्हणून एकटे दर्यावर्दी गजर लावून तेवढाच डोळा लागू देतात, उठून चौफेर बघतात, पुन्हा पडतात. महिनोन् महिने!

आपल्याकडे हे करून दाखवलं नौदलाच्या माणसांनी. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार थांबे घेत 'म्हादेई'वरून एकटे जग फिरून आले. गोव्यात ती बोट बांधली जात असताना ते स्वतः तिथे राबले होते. पुढे २०१२-१३ मध्ये त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले. नौदलात जायचा विचार असेल तर तो रस्ता आजही सर्वांत पक्का वाटतो मला.

यंदाच्या ऑक्टोबरपर्यंत एक करा. दोन मीटर दोरी घ्या आणि बोलाइनची गाठ, म्हणजे ताण आला तरी न आवळणारा फास, एका हातानं, डोळे मिटून, ओल्या दोरीवर जमेपर्यंत मारत राहा. लोकलमध्ये बसल्या बसल्याही जमतं.