शाळेत युवा प्रशिक्षणार्थी येणार असेल तर मुख्याध्यापकांनी काय तयारी ठेवावी

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतला उमेदवार आपल्या शाळेला मिळतोय, असा निरोप केंद्रप्रमुखांकडून आला की त्याच दिवशी त्या उमेदवाराला फोन करा आणि रुजू व्हायच्या आधी एकदा कागदपत्रं घेऊन शाळेत बोलवा. जिल्हा परिषदेच्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत एक मुलगी या योजनेतून आली होती. तिच्यासोबत गेलेले महिने आठवून, आधी काय करून ठेवायला हवं होतं ते इथे लिहीत आहे.

योजना राज्य सरकारची, २०२४ सालची; तरुणांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी ठेवून काम शिकवणारी. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. मुदत आधी सहा महिन्यांची होती, २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांची झाली. पैसे थेट उमेदवाराच्या खात्यावर जातात, शाळेच्या हातातून एक रुपयाही फिरत नाही. पण ते पैसे निघतात आपण भरलेल्या हजेरीवर. म्हणून महिनाअखेरीची तारीख आधीच टाचणवहीत लिहून ठेवा, ही हजेरी भरायच्या योजनेच्या पोर्टलचा युजर आयडी आणि पासवर्ड चालतो का ते उमेदवार येण्याआधी बघा, आणि हजेरी भरल्यावर तिची एक प्रत उमेदवाराच्या हातात द्या. आपल्या एका विसरण्यामुळे कुणाच्या घरचा महिन्याचा किराणा अडतो, हे लक्षात असू द्या.

बँक खात्यावर जरा जास्त वेळ घालवा. ‘खातं आधारला जोडलंय’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. आजकाल एकाच मुलाची दोन-तीन खाती असतात आणि सरकारी पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातो, अर्जाला कुठलंही पासबुक लावलेलं असो. आमच्याकडची मुलगी दर आठवड्याला तालुक्याला जाऊन पासबुकात नोंद करून घ्यायची आणि खाली मान घालून परत यायची. जायला-यायला साठ रुपये तिकीट. दोन महिन्यांनी कळलं की पैसे कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या जुन्या खात्यावर पडत होते, आणि त्या खात्याचं पासबुक घरी आईच्या ट्रंकेत साड्यांखाली होतं. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकला की कुठली बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत दिसतं. रुजू होण्याआधी उमेदवाराला शेजारी बसवून हे बघून घ्या. मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर आधी ते काम.

चारित्र्य पडताळणीत सूट देऊ नका. ‘गावातलाच पोरगा आहे, बाप माझ्या ओळखीचा आहे’ हे कारण चालणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं जे प्रकरण उघड झालं त्यानंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी हा आपल्या मुलांचा हक्क आहे असंच मी मानतो. पहिल्याच दिवशी उमेदवाराला शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीबद्दल सांगा, तक्रारपेटी दाखवा, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दाखवा आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याची एक गोष्ट नीट समजावा: एखाद्या मुलानं काही सांगितलं किंवा संशय आला, तर ते पुढे कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मुलाला एकट्यानं बंद खोलीत घेऊन बसायचं नाही, मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवायचे नाहीत, हेही त्याच वेळी सांगून टाका. तरुण उमेदवार यानं दुखावत नाहीत. उलट कसं वागायचं हे कुणी स्पष्ट सांगितल्यावर त्यांना मोकळं वाटतं.

बसायला जागा, एक खुर्ची, स्वतःची वही, वेळापत्रकात स्वतःचं नाव. एवढं आधी करून ठेवा.

आता खरी तयारी. अकरा महिन्यांत या व्यक्तीला आपण काय शिकवणार, हे तिच्या येण्याआधी एका कागदावर लिहा. हा कागद नसेल तर काय होतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भर, पोषण आहाराची ऑनलाइन नोंद कर, आधार अपडेट कर, आणि शिक्षक रजेवर असले की चौथीच्या वर्गावर जाऊन बस. वर्ष सरतं आणि उमेदवार डेटा एंट्री शिकून घरी जातो. आपल्याला निदान सेवांतर्गत प्रशिक्षणं मिळतात, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकासाठी वर्षाला ५० तास ठरवले आहेत. या मुलांना मिळेल ते आपल्याकडूनच. सरकार त्यांना शिकण्यासाठी पैसे देतंय, तेव्हा शिकवण्याची जबाबदारी शाळेची आहे असं मला मनापासून वाटतं.

पहिले पंधरा दिवस फक्त निरीक्षण ठेवा. वर्गात मागे बसायचं, वहीत तीन गोष्टी लिहायच्या: सरांनी काय विचारलं, कुणी उत्तर दिलं, कोण गप्प राहिलं. सुटी झाल्यावर दहा मिनिटं त्यावर बोला. मग एक लहान गट सोपवा, चार-पाच मुलांचा, वाचनासाठी. प्रत्येक मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठल्या पातळीवर आहे हे तपासायला आधी शिकवा. निपुण भारत या सरकारी अभियानाचं पायाभूत साक्षरतेचं साहित्य दीक्षा ॲपवर आहे, ते सोबत बसून बघा, नुसती लिंक पाठवू नका.

आमच्याकडे तिसरीतला एक मुलगा होता. ‘क’, ‘म’, ‘ल’ वेगवेगळी ओळखायचा, ‘कमल’ वाचायचा, पण काना आला की थांबायचा. माझ्याकडे तीन इयत्ता एकत्र, त्याच्यासाठी रोज वेगळी वीस मिनिटं काढणं मला जमत नव्हतं. या मुलीनं जुन्या लग्नपत्रिका कापून अक्षरपट्ट्या केल्या आणि काना म्हणून एक काडेपेटीची काडी घेतली. ‘मल’च्या मध्ये काडी ठेवली की ‘माल’, उचलली की पुन्हा ‘मल’. मुलगा स्वतः काडी ठेवायचा, उचलायचा, मोठ्यानं म्हणायचा. दिवाळीनंतर तो बसस्टॉपवरची पाटी वाचून दाखवत होता. तिला त्या दिवशी काय वाटलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. असा गट देता येईल अशी चार-पाच मुलं आजच हेरून ठेवा.

काय द्यायचं नाही तेही ठरवा. पूर्ण वर्गाची जबाबदारी नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाची पात्रता ठरवलेली आहे आणि प्रशिक्षणार्थी रिक्त पदाची भरपाई नव्हे. रोख व्यवहार नाही, शाळेचे पासवर्ड नाहीत, मुलांना एकट्यानं सहलीला नेणं नाही. जागा रिकामी असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे शिक्षकाची मागणी लेखी करत राहा.

आणि भविष्याबद्दल पहिल्या आठवड्यातच बोला. हे बोलणं अवघड आहे. बरीच मुलं ‘पुढे कायम करतील’ या आशेवर येतात, घरचेही तसंच धरून चालतात. या प्रशिक्षणातून नोकरीचा हक्क मिळत नाही, हे आपणच सांगितलेलं बरं. शिक्षक व्हायचं असेल तर डीएलएड किंवा बीएड, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, असा रस्ता कागदावर काढून द्या. टीईटी १५० गुणांची, खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. शाळेतली पहिली ते आठवीची पुस्तकं अभ्यासाला घरी नेऊ द्या. ज्याला शिक्षक व्हायचंच नाही त्याला कार्यालयीन काम, पत्रव्यवहार, संगणक यांचा हात बसेल असं नियोजन करा.

शेवटच्या महिन्यासाठी एक फाइल आतापासून सुरू करा. सरकारी प्रमाणपत्रावर मुदत आणि ठिकाण येईल. तुम्ही शाळेच्या लेटरहेडवर वेगळं पत्र द्या आणि त्यात नेमकं काम लिहा: किती मुलांचा वाचनगट घेतला, ती मुलं कुठून कुठे पोचली, कोणतं साहित्य तयार केलं. त्यासाठी दर शनिवारी फाइलला दोन ओळी जोडाव्या लागतात. आमच्या त्या मुलीच्या पत्राला मी अक्षरपट्ट्यांचा फोटोही जोडला होता.