वल्लारपाडमच्या अंगणात खराटा मारायचा असेल तर

गावाकडून कुणी कोचीला निघालं की फोन मला येतो. आमच्या खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला नाही असं बाजारपेठेचं गाव सापडणं अवघड, आणि मी कोचीतल्याच एर्नाकुलमला सव्वीस वर्षं सोनं वितळवतोय. पाहुण्यांना मासे धरायची चिनी जाळी बघायची असतात. मी म्हणतो, आधी वल्लारपाडम बेटावरच्या मेरीमातेच्या चर्चला जा. काय, कसं, हे आता एकदाच लिहून ठेवतो.

मिरजेहून आठवड्यातून एकदा पूर्णा एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला येते. वार आणि वेळ बघून तिकीट काढा. स्टेशनावरून रिक्षाने हायकोर्टापाशी या आणि वायपीन बेटाकडे जाणारी बस धरा. ती गोश्री पुलांवरून जाते. पहिला पूल ओलांडला की बोळगाटी, दुसरा ओलांडला की वल्लारपाडम. तिसऱ्या पुलावर चढलात म्हणजे पुढे गेलात. मी पहिल्यांदा बसने गेलो तेव्हा कंडक्टरला नुसतं 'वल्लारपाडम' म्हणालो, डुलकी लागली आणि वायपीनला जाऊन उतरलो. म्हणून 'वल्लारपाडम पळ्ळी' म्हणा. पळ्ळी म्हणजे चर्च; मशिदीलाही तिकडे पळ्ळीच म्हणतात, पण या नावावर तुम्हाला बरोबर उतरवतील.

हे पूल 2004 चे. मी आलो तेव्हा होडीशिवाय वाट नव्हती. आता पलीकडे मोठ्या क्रेन दिसतात, ते 2011 ला सुरू झालेलं कंटेनर टर्मिनल. तिकडे बघत बसू नका, चर्चच्या दोन मनोऱ्यांकडे चला.

आत जाण्याआधी गोष्ट माहीत असू द्या, नाहीतर वेदीवरचं चित्र नुसतंच बघाल. पोर्तुगीजांनी इथे 1524 मध्ये चर्च बांधलं. 1676 च्या पुरात ते गेलं आणि मेरीमातेचं चित्र पाण्यावर तरंगत निघालं. कोचीच्या राजाचे प्रधान पालियत रामन वलियच्चन यांनी ते काढून आणलं आणि नव्या चर्चला जागा दिली. प्रधान हिंदू, हे ध्यानात घ्या. त्यांनी दिलेला दिवा वेदीपुढे असतो. त्याला 'केडाविळक्कु' म्हणतात, म्हणजे न विझणारा, आपला नंदादीपच.

पुढची गोष्ट 1752 ची. मीनाक्षी अम्मा नावाची नायर बाई तान्ह्या मुलाला घेऊन होडीने मट्टांचेरीला निघाली होती. वादळात होडी उलटली. तिने वल्लारपाडमच्या आईला हाक मारली: वाचवलंस तर जन्मभर तुझी चाकरी करीन. तिसऱ्या दिवशी कोळ्यांच्या जाळ्यात मायलेकरं जिवंत आली, असं सांगतात. मग ती तिथेच राहिली आणि चर्चचं अंगण झाडत राहिली. चित्रात खाली ती मायलेकरं आहेत, ती शोधा.

म्हणून इथला नवस झाडण्याचा. लोक खराटा घेऊन अंगण झाडतात, श्रीमंतसुद्धा. दुसरा विधी 'अडिमा', म्हणजे लेकराला मातेच्या ओटीत देणं. आपल्याकडे पोर देवाच्या पायावर घालतात, तसंच.

आईला घेऊन गेलो तो दिवस सांगतो. तिथल्या एका बाईने हसून तिला 'चूल, चूल' म्हटलं. मल्याळीत चूल म्हणजे झाडू. आई आजूबाजूला बघायला लागली, म्हणाली, "अरे, इथं चूल कुठं मांडलीया?" खराटा हातात आला तेव्हा कळलं. मग पदर खोचून तिने असं झाडलं की ती बाई बघतच राहिली. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या दारात जन्मभर वाकलेली बाई ती, तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. "देव कुणाचा का असंना, कचरा तोच," एवढंच म्हणाली. मीही थोडं झाडलं, पण माझं झाडणं आईला काही पटलं नाही.

खराटा घरून न्यायची गरज नाही, तिथे मिळतो. खांदे झाकणारे कपडे घाला. बायकांनी डोक्यावर पदर घेतला तर तिथे अगदी शोभतो, तिथल्या बायकाही प्रार्थनेला डोकं झाकतात. प्रार्थना मल्याळीत असते. मागच्या बाकावर शांत बसा, सगळे उठले की उठा. चपला, फोटो याबाबत पुढच्या माणसाचं बघून वागा.

24 सप्टेंबरला मोठा सण असतो. गर्दी आवडत असेल तर त्या दिवशी या. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मात्र साध्या वारी सकाळी लवकर. उन्हात खारा वारा अंगाला चिकटतो, आपल्या माणदेशी माणसाला तो सोसत नाही. जून-जुलै टाळाच, छत्रीही उलटते.

जेवायला हॉटेलात लाल, जाड भात आणि गुलाबी रंगाचं कोमट पाणी येईल. पाणी खराब नाही, झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं असतं. आईने ते पाणी बाजूला सारलं आणि पिशवीतून भाकरी-चटणी काढली. तुम्हीही शिदोरी आणा.

परतताना वेळ असेल तर तिसरा पूल ओलांडून वायपीनला जा आणि तिथून वॉटर मेट्रोच्या बोटीने हायकोर्टाकडे या. 2023 पासून चालू आहे, भाडं थोडकं. होडीतून मागे वळून बघा. मीनाक्षी अम्माची होडी याच पाण्यात उलटली होती. आई त्या वेळी काठाकडे बघत गप्प होती. मग म्हणाली, "पुढल्या खेपेला तुझ्या बायकोलाबी आण, तिला झाडता येतं."