दुबईची ऑफर आली? आधी ‘बेसिक’ बघा

एजंट फोनवर सांगतो तो आकडा एकूण पगाराचा असतो. युएईत ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मात्र बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर मोजतात. म्हणून बेसिक किती आणि अलाउन्स किती, हे सही करण्याआधी ऑफर लेटरमध्ये वाचा. ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, मागून घ्या.

तिथल्या खासगी कंपन्यांना लागू असलेल्या २०२१ च्या कामगार कायद्यात कामाची मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास आहे. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. मध्ये एकूण निदान तासभर विश्रांती द्यावी लागते आणि ती कामाच्या तासांत धरत नाहीत. त्यामुळे ८ ते ५ ची ड्युटी ८ तासांचीच ठरते. रमजानमध्ये रोजचे २ तास कमी होतात, रोजा न ठेवणाऱ्यांचेही.

आता हिशोब. पगार २,००० दिरहम, त्यात बेसिक १,२०० धरा. १,२०० भागिले ३०, भागिले ८, म्हणजे तासाला ५ दिरहम. (काही कंपन्या वर्षाच्या बेसिकला ३६५ ने भागतात, मग ४.९३ येतात.) ओव्हरटाइमला यावर किमान २५ टक्के जादा, म्हणजे ६.२५. रात्री १० ते पहाटे ४ या वेळात ५० टक्के, म्हणजे ७.५०, पण पाळ्या बदलत काम करणाऱ्यांना हा रात्रीचा दर लागू नाही. महिन्यात दिवसाच्या वेळेत ४० तास जादा भरले, तर २५० दिरहम. त्याच २,००० मध्ये बेसिक १,६८० असतं, तर ३५० मिळाले असते. दरमहा शंभराचा हा फरक फक्त कागदावरच्या विभागणीचा आहे.

ओव्हरटाइम साधारणपणे दिवसाला २ तासांपर्यंतच. सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर बदली सुट्टी, नाहीतर त्या दिवसाचा पगार आणि वर त्या दिवसाच्या बेसिकच्या किमान ५० टक्के.

पैसे अडकतात ते बहुधा नोंदीअभावी. आल्या-गेल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा, हजेरीचा फोटो ठेवा. पगार बँकेतून येतो, पण ओव्हरटाइम हातात रोख देत असतील, तर पावती मागाच. पदाचं नावही तपासा: मालकाचे अधिकार वापरणाऱ्या सुपरवायझरला तासांची ही मर्यादा लागू होत नाही.

घरकामगारांसाठी वेगळा कायदा आहे, तिथे हा हिशोब लावू नका.