एकच सिलिंडर, एकच प्लग

दोन महिन्यांत माझ्या मोटरसायकलने चार स्पार्क प्लग खाल्ले. ३५० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, एका सिलिंडरची गाडी. सकाळी किक मारून मारून पाय भरून यायचा, प्लग काढला की तोंडावर कोरडी काजळी. पुसून बसवला की दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी परत मिसिंग. शेवटी वैतागून एका पायरीने ‘गरम’ प्लग टाकला, म्हणजे ज्याचं टोक जास्त तापलेलं राहतं असा. काजळी कमी झाली आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

खरी भानगड पुढे योगायोगाने सापडली. गाडी उभ्यानेच चालू होती, सहज हँडल डावीकडे वळवलं तर आयडलिंग जड झालं. सरळ केलं की सुधारलं. मग डोक्यात प्रकाश पडला. मी हौसेने उंच हँडल बसवलं होतं, पण चोकची केबल जुनी, आखूडच ठेवली होती. ती ताणली जाऊन चोकचा प्लंजर, म्हणजे थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा दट्ट्या, कायम जरासा उचललेला राहत होता. म्हणजे दोन महिने मी अर्धवट चोकवर गाडी चालवत होतो आणि शिव्या प्लगला घालत होतो. केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील दिली, काम झालं. पण गरम प्लग आत तसाच विसरलो. पुढच्या लांब चढानंतर काढून पाहिला, तर मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं चिनी मातीचं नाक खडूसारखं पांढरं फटक, म्हणजे प्लग फार तापत होता. वेळेत पाहिलं म्हणून बरं.

तेव्हापासून प्लग काळा दिसला की मी आधी बाकीची गाडी तपासतो. आणि नवा घ्यायचा झाला, तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच नंबर घेतो.

हा नंबर वाचता यायला हवा, कारण काउंटरवर ‘हा पण चालतो’ हे वाक्य फार सहज ऐकू येतं. एनजीकेचा सीपीआर८ईए-९ घ्या. यातला ‘सी’ म्हणजे १० मिमीचे आटे आणि १६ मिमीचा पाना. ‘पी’ म्हणजे नाक थोडं पुढे आलेलं. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. ८ ही हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड ते. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिमी गॅप, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर. यात सगळ्यात महागात पडते ती आट्यांची लांबी. आखूड प्लग बसवला तर सिलिंडरच्या हेडमधले उरलेले आटे कार्बनने भरतात आणि पुढे योग्य प्लग आत जाताना अडतो. लांब बसवला तर तो थेट पिस्टनला भेटू शकतो. रेझिस्टरही काढून टाकू नका. इंजेक्शनच्या गाडीत तो नसेल तर स्पार्कच्या विद्युत गोंगाटाने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गोंधळू शकतो.

हीट रेंजबद्दल गैरसमज फार. गरम प्लगचा स्पार्क जास्त गरम असतो असं नाही. नाकाची उष्णता हेडमध्ये किती लवकर उतरते, एवढाच प्रश्न आहे. चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता सावकाश उतरते, तो गरम प्लग. नाक आखूड, तर थंड. टोकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं की बसलेला कार्बन आपोआप जळतो. ८५० च्या पुढे फार गेलं, तर ते टोकच स्पार्कच्या आधी मिक्स्चर पेटवायला लागतं, आणि तसं चालत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलट. त्यामुळे एका कंपनीचा ८ बघून दुसऱ्या कंपनीचा ८ उचलू नका, तुलनेचा तक्ता बघा.

इरिडियम घ्यावा का? मी वापरतो. मधलं इलेक्ट्रोड ०.६ मिमी किंवा त्याहूनही बारीक असतं, त्यामुळे कमी व्होल्टेजवर स्पार्क उडतो आणि थंडीत गाडी लवकर चालू होते. टोक झिजतही कमी. पण माझा चौथा प्लग इरिडियमचाच होता, तोही काळा झाला.

प्लग काळा झाला की स्पार्क का मरतो, हेही समजून घ्या. कार्बनमधून वीज वाहते. चिनी मातीवर त्याचा थर बसला की वीज गॅप ओलांडायचे कष्ट न घेता त्या थरावरून घसरत बॉडीत उतरते. ‘प्लग शॉर्ट झाला’ म्हणतात ते हेच. मल्टिमीटर असेल तर वरचं टर्मिनल आणि लोखंडी बॉडी यांच्यामध्ये मोजा. चांगल्या प्लगला काहीच रीडिंग येता कामा नये. किलोओहममध्ये आलं तर तो गळतोय.

काळ्याचे प्रकार तीन. कोरडी, मखमली काजळी म्हणजे मिक्स्चर रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त: अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, कार्ब्युरेटरमध्ये चढलेली पेट्रोलची पातळी. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, तर स्पार्कच मिळत नाही किंवा किका मारताना इंजिन ओव्हरफ्लो केलंय. अशा वेळी नवा प्लग आणण्याआधी प्लग कॅप वायरवरून फिरवून काढा, वायरचं हिरवं पडलेलं टोक पाच मिलिमीटर कापा आणि कॅप परत घट्ट फिरवा. (वायर फार आखूड असेल तर मात्र जपून.) तिसरा प्रकार ओला, चकचकीत, तेलकट. ऑईल जास्त भरलं नाही ना ते बघा. नसेल तर सायलेन्सरकडे बघा: एक्सलेटर सोडून परत देताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सीलवर संशय, जोर लावताना आला तर पिस्टनच्या रिंगवर. तिथे गरम प्लग टाकून भागवणं म्हणजे इंजिनचं काम पुढे ढकलणं.

रंग पाहताना माझी एक चूक तुम्ही करू नका. आयडलिंगवर दहा मिनिटं चालवून बंद केलेल्या गाडीचा प्लग काळसरच दिसतो. नेहमीच्या वेगाने दहा-पंधरा किलोमीटर चालवा, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या, आणि हेड हात लावण्याइतकं निवलं की काढून पाहा. बाहेरच्या चिनी मातीवर लोखंडाजवळ तपकिरी डाग असेल तर घाबरू नका, तो उच्च व्होल्टेजमुळे पडतो.

काजळी टाळायची तर सवयी बदलाव्या लागतात. थंड गाडी जागेवर गुरगुरवत ठेवू नका. चालू झाली की अर्ध्या मिनिटात निघा आणि इंजिनने सूर धरला की चोक पूर्ण बंद. गाडी धुण्यासाठी चालू करून चार फूट हलवून बंद करणं हा तर प्लगचा छळ. रोज दोनच किलोमीटरची फेरी असेल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळी पळवा.

बसवताना इंजिन थंड हवं. आधी प्लगभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. गॅप फीलर गेजने मोजा आणि वाकवायचं ते फक्त बाहेरचं इलेक्ट्रोड. इरिडियमच्या टोकाला ब्रश लावू नका. सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा. पाना लावून जबरदस्ती केली की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच. वॉशर टेकला की नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा, आधी बसवलेल्याला फेऱ्याचा फक्त बारावा भाग. टॉर्क पाना असेल तर १० मिमीच्या आट्यांना १० ते १२ न्यूटनमीटर पुरे. आट्यांना ग्रीस लावायचा मोह आवरा, त्याने नकळत जास्त आवळलं जातं. स्पार्क तपासताना प्लगची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवा, नाहीतर सीडीआय, म्हणजे स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जाऊ शकतो. आणि प्लगचं भोक फडक्याने झाका, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

जोड-सिलिंडरची गाडी एक प्लग गेला तरी लंगडत घरी येते. आपली जागेवरच बसते. म्हणून सीटखाली गॅप लावलेला एक प्लग सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलाय, सोबत १६ चा पाना.