कारखान्यात कामाला जाताना कपडे कसे निवडावेत?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतलं मशीन शॉप, नंदेसरीचा केमिकल प्लांट, हालोलकडची औषधाची फॅक्टरी आणि मांडवीजवळचं कापडाचं गोडाऊन, या चार ठिकाणी एकच ड्रेस चालत नाही. तरीही नवी नोकरी लागली की घरून सूचना मिळते ती एकच: "नीट कपडे घालून जा." आईला म्हणायचं असतं अंग झाकलेलं असू दे, आणि सुपरवायझरला म्हणायचं असतं कुठे काही अडकू नये. या दोन्ही गोष्टी एकाच कपड्यात बसतात. फक्त तसा कपडा दुकानात तयार टांगलेला क्वचितच मिळतो.

आधी एक समजूत डोक्यातून काढा: सैल म्हणजे सभ्य. सैल गळा वाकलं की उघडा पडतो आणि सैल बाही ड्रिलच्या बिटाभोवती क्षणात गुंडाळली जाते. जे लोंबतं ते मर्यादेलाही मारक आणि जिवालाही. अंगाला चिकटणारं नको, पण अंगाबरोबर हलणारं हवं. पुढचं सगळं याच हिशोबाने सांगितलं आहे, बायकांसाठी आणि पुरुषांसाठीही.

पायरी १: विकत घेण्याआधी विचारा

रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात एचआरला किंवा ठेकेदाराला तीन प्रश्न विचारा. कंपनी कपड्यांतलं काय देते? माझं काम कुठल्या खात्यात, कशाजवळ आहे? कपडे बदलायला जागा आणि लॉकर आहे का? विचारण्यात संकोच कसला! १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्येच लिहिलं होतं की चालू यंत्राजवळचं तपासणीचं किंवा तेलपाण्याचं काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराच्या अंगात घट्ट बसणारे कपडे हवेत आणि ते मालकाने पुरवायचे. हात-तोंड धुण्याची बायकांची आणि पुरुषांची सोय वेगवेगळी आणि आडोशाची असावी, हेही त्याच कायद्यात होतं.

बदलायला जागा असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. घरून हव्या त्या पोशाखात निघा, कामाचे कपडे तिथे चढवा. जागा नसेल तर मात्र घालून जाल तेच दिवसभर अंगावर राहणार आणि त्यातच अ‍ॅक्टिव्हावर बसायचं, हे धरून शिवून घ्या.

पायरी २: कापड कामाप्रमाणे

वेल्डिंग, ग्राइंडिंग, भट्टी, थोडक्यात जिथे ठिणगी उडते तिथे सुती. ठिणगी पडली तर सुती कापड जळून काळं पडतं. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. ड्रिल नावाचं जाड सुती कापड सगळ्यात चांगलं. खिशाला झाकण हवं, पँटची मोहरी बुटावरून खाली आलेली हवी. मोहरी बुटात खोचली किंवा दुमडून वर घेतली की ठिणग्या साठायला आयती जागा होते.

आम्लाच्या कामाचं उलटं आहे. गंधकाम्लाचा शिंतोडा सुती कापडाला भोक पाडतो, तिथे टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुती यांचं मिश्र कापड, जास्त तग धरतं. पण ज्वालाग्राही सॉल्व्हंट हाताळत असाल तर पॉलिस्टरमध्ये घर्षणाने तयार होणारी वीज हा वेगळा धोका. म्हणून केमिकल प्लांटमध्ये स्वतःचं डोकं चालवू नका. सेफ्टी ऑफिसर सांगेल तेच कापड.

पॅकिंग, गोडाऊन, असेंब्ली, ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंग अशा कामांना मध्यम जाडीचं सुती किंवा सुती जास्त असलेलं मिश्र कापड पुरतं. लहेरीपुरा दरवाजा, मंगळ बाजार या भागात कापड घेताना दोन गोष्टी करून बघा. कापड उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं दिसली तर ठेवून द्या. मग बाटलीतलं चार थेंब पाणी कोपऱ्यावर टाका. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे घामाने भिजल्यावर कापड कसं दिसतं हे कोरड्या कापडापेक्षा महत्त्वाचं. पांढरं आरपार दिसतं, राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचे नकाशे उमटतात. बारीक छपाईचं किंवा गडद निळं बरं. घेतलेलं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या, नाहीतर तिसऱ्या धुण्यात बाही आखडते.

पायरी ३: शिंप्याला काय सांगायचं

इथे कंजुषी करू नका, ना वेळेची ना बोलण्याची. शिंपी सवयीने लग्नाकार्याच्या मापाने शिवतो. त्याला सरळ सांगा, "काका, हे मशीनवर घालायचं आहे," आणि माप देताना हात वर करून उभ्या राहा. हात खाली असताना घेतलेल्या मापाचा कुर्ता, वरच्या रॅकवरचा बॉक्स काढताना कमरेच्या वर सरकतोच.

कुर्त्याची उंची गुडघ्याच्या थोडी वर. पोटरीपर्यंतचा कुर्ता शिडीवर पायात येतो. बाजूचे कट मात्र उंचावर सुरू होऊ देऊ नका. कमरेपासून फाटलेला कट उकिडवं बसलं की उघडतो. तो नितंबाच्या खाली सुरू करायला सांगा आणि पायांना मोकळेपणा हवा म्हणून घेर किंचित वाढवून घ्या. बगलेत एक चौकोनी तुकडा जोडून घेतला की हात वर नेताना अख्खा कुर्ता ओढला जात नाही आणि बगलेची शिवणही उसवत नाही. गळा बंद किंवा छोटी उभी कॉलर. बाही पूर्ण असेल तर मनगटावर बटण, अर्धी असेल तर कोपराच्या वर आणि दंडाला बसणारी. बेल बाही, झालर, मागे बांधायच्या दोऱ्या आणि लटकन यांना रविवारची सुट्टी.

खाली पटियाला नको, पलाझो तर नकोच. सरळ पँट किंवा अरुंद मोहरीची सलवार घ्या. नाडी असेल तर टोकं आत खोचलेली राहतील इतकीच लांब, त्यापेक्षा इलॅस्टिक सोयीचं. आणि खिसा! बायकांच्या कपड्यांना खिसा न ठेवण्याची जी काही परंपरा आहे तिला शॉप फ्लोअरवर अजिबात थारा देऊ नका. खिसा नसला की मोबाईल पर्समध्ये, पर्स खांद्यावर, आणि खांद्यावरचा पट्टा कन्व्हेयरशेजारी, अशी साखळी तयार होते.

पुरुषांसाठी शिंप्याकडचं काम कमी, कारण कामाचे तयार शर्ट-पँट मिळतात. फक्त पँटची कंबर खाली बसणारी नको. जमिनीवर बसून नट कसणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना कारण सांगायला नको. शर्ट आत खोचलेला असावा. उकडतं म्हणून बनियनवर काम करणं हा काही मर्दपणा नव्हे. कूलंटचे शिंतोडे आणि लोखंडाचा गरम कीस थेट अंगावर येतो, आणि त्याच खात्यात चार बायका काम करत असतात.

पायरी ४: आरशासमोर उभं राहू नका, काम करून बघा

नवा ड्रेस आला की घरीच ही तालीम करा. दोन्ही हात डोक्यावर ताणा: पोट किंवा पाठ दिसते का? आरशाकडे तोंड करून जमिनीवरचं पेन उचला: गळा पुढे लोंबतो का? उकिडवं बसा आणि बसल्या बसल्या मागे वळा: कट कुठपर्यंत उघडतो, कंबर कुठे जाते? स्टुलावर चढा: पाय मोहरीत अडकतो का? पाठीमागून बघायला घरातलं कुणीतरी बोलवा, ते स्वतःला दिसत नाही. शेवटी बाही, ओढणी, कुर्त्याची कड चिमटीत धरून ओढा. चार बोटं सहज गोळा होतील इतकं कापड जिथे हातात येतं, तिथे ते मशीनलाही सापडेल. तेवढी जागा शिंप्याकडून आत घ्या.

पायरी ५: ओढणी आणि साडी

सगळ्यात जास्त कुरबुर इथेच होते. घरच्यांना ओढणीशिवाय बरं वाटत नाही आणि फिरणाऱ्या मशीनजवळ ओढणीला जागा नाही. तोडगा म्हणजे वरून एक बिनबाह्यांची कोटी किंवा समोरून बटणांचा एप्रन. ओढणी जे झाकते ते सगळं तो झाकतो आणि त्याचं एकही टोक मोकळं राहत नाही. ओढणी पिन लावून दोन्ही खांद्यांवर घट्ट बसवली तरी लेथ, ड्रिल, वायंडिंग मशीन, बेल्ट यांच्याजवळ ती नकोच. गाडीवर उन्हासाठी तोंडाला बांधलेला स्कार्फही गेटवरच सोडून बॅगेत टाका, मानेभोवती ठेवून आत जाऊ नका. हिजाब घालणाऱ्या मैत्रिणींसाठी ताणला जाणारा, डोक्यावरून ओढून घ्यायचा प्रकार उत्तम. पिन लागत नाही आणि खालची टोकं कॉलरच्या आत जातात.

साडीवर पॅकिंग, कँटीन, झाडलोट ही कामं कितीतरी मावश्या रोज करतात, आणि काय सफाईने! पदर पाठीवरून उजव्या कमरेला घेऊन घट्ट खोचायचा, निऱ्यांची उंची घोट्याच्या वर दोन बोटं, वरून एप्रन. नऊवारीचा काष्टा ही तर आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बायकांनी फार आधी सोडवलेली गोष्ट: पाय मोकळे, अंग झाकलेलं, काही लोंबत नाही. पण शिडी, क्रेन, फिरतं यंत्र यांच्या जवळ पाचवारी नेसून जाऊ नये. खाद्यपदार्थांच्या किंवा औषधांच्या खात्यात सेफ्टी पिनाही वापरू नका. गळून मालात गेली की पूर्ण बॅच अडकते.

नवरात्रीचे नऊ रंग कारखान्यातही पोचले आहेत. रंग पाळायचा तर तो डोक्याच्या रुमालात किंवा टी-शर्टात पाळा. ग्रुप फोटोपुरती साडी जेवणाच्या सुट्टीत नेसता येते. आणि रात्री गरब्याला घातलेल्या ऑक्सिडाइज्ड बांगड्या सकाळच्या शिफ्टला हातात राहू देऊ नका.

पायरी ६: दागिने, केस, दोऱ्या

अंगठी काढा. उडी मारताना किंवा ट्रकवरून उतरताना ती खिळ्यात अडकली तर बोटाची कातडी सोलली जाते, हे अतिशयोक्ती नाही. बोटात रुतलेली अंगठी साबणाने निघत नसेल तर सोनाराकडून कापून मोठी करून घ्या. लांब मंगळसूत्र नको. छोटं, गळ्यालगतचं घालून बंद कॉलरच्या आत ठेवा, किंवा शिफ्टपुरतं घरी. मनगटावर बांधायच्या मंगळसूत्राची सध्या फॅशन आहे, पण यंत्राच्या सगळ्यात जवळ मनगटच असतं. काचेच्या बांगड्याही त्याच कारणाने नकोत. जाड जोडवी सेफ्टी शूजमध्ये बोटाला घासतात, पातळ वापरा.

हेच पुरुषांच्या कड्याला, गळ्यातल्या चेनला, मनगटावरच्या गंड्याला आणि राखी पौर्णिमेनंतर पंधरा दिवस मिरवल्या जाणाऱ्या राख्यांना लागू. कंपनीने दिलेल्या आयकार्डाची गळ्यातली दोरीही यातच येते. कार्ड खिशाला क्लिपने लावा, किंवा झटका बसला की सुटणारी दोरी मागा.

वेणी पुरेशी नाही. अंबाडा घाला, जाळी लावा, वरून टोपी. हेल्मेट घालायचं असेल तर अंबाडा मानेवर खाली हवा, उंचावर घातला तर हेल्मेट डोक्यावर बसतच नाही.

हातमोज्यांबद्दल एक गोष्ट नवख्यांना विचित्र वाटते. पत्रे उचलताना, कास्टिंग हाताळताना हातमोजे हवेतच, पण ड्रिल आणि लेथवर चालू स्पिंडलजवळ, म्हणजे फिरत्या दांड्याजवळ, ते घालत नाहीत, कारण मोजा अडकला की हात सोबत ओढला जातो.

पायरी ७: पायताण

पुढे स्टीलची टोपी असलेला, आयएसआय मार्कचा बूट घ्या. अशा टोपीची चाचणी २०० ज्यूलच्या आघातावर होते. खरेदी संध्याकाळी करा. दिवसभराने पाय किंचित सुजलेले असतात आणि त्या वेळी बसलेला बूट सकाळीही बसतो. रोजचे सुती मोजे घालूनच मापून बघा. बायकांच्या मापाचे बूट दुकानात कमी असतात. मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबू नका, मागवून घ्या. पावसाळ्यात बॅगेत मोज्यांचा कोरडा जोड, एक पँट आणि प्लास्टिकची पिशवी ठेवा. विश्वामित्री नदी फुगली आणि रस्ते भरले की गुडघ्यापर्यंत भिजून पोचणं काही नवीन नाही.

कुणी टोमणे मारलेच तर

एवढं करूनही कुणी कपड्यांवरून बोललं तर कपडे बदलत बसू नका. १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिचे सदस्य कोण आहेत ते नोटीस बोर्डावर बघून ठेवा.

पायरी ८: धुणं

किमान तीन जोड हवेत: एक अंगावर, एक वाळत, एक कपाटात. तेलाचा डाग पाण्यात टाकण्याआधी कोरडा असतानाच भांड्याचं लिक्विड चोळून अर्धा तास ठेवा. खिसे उलटे करून झटका, कीस राहिला तर धुताना बोटात घुसतो आणि मशीनचा ड्रमही खरवडतो. केमिकल प्लांटचे कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर कधीही भिजवू नका. कंपनीत धुण्याची सोय असेल तर घरी आणूच नका. इस्त्री करताना शिवणी, बटणं आणि खिशाची टोकं तपासा, आणि उसवलेलं दिसलं तर त्याच रात्री दोन टाके घाला.