मळ्यातल्या घराचा पत्ता, एकदाच

आमचं घर सांगलीबाहेर मळ्यात. दर वेळी पार्सलवाल्याला ‘टाकीपासून डावीकडं, म्हसोबाच्या पुढं…’ सांगून घसा बसायचा. आता असं करतो:

१. गुगल मॅप्समध्ये सॅटेलाइट दृश्य लावा. उसात पाणंद दिसेल न दिसेल, घराचा पत्रा मात्र दिसतो.
२. पत्र्यावर नको, गाडी थांबते त्या फाटकावर बोट दाबून धरा. लाल खूण उमटते.
३. ‘शेअर’ दाबून लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा, तिला स्टार करा. पुढं नुसतं फॉरवर्ड.

लाइव्ह लोकेशन मात्र देऊ नका. ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास तुमच्या फोनबरोबर फिरतं. मी एकदा ते पाठवून हळद घेऊन मार्केट यार्डात गेलो. खताचा टेम्पो मागोमाग तिथंच!